मराठी ख्रिस्ती परंपरेचा अभ्यास: सुरुवात करणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती धर्मविचार, इतिहास आणि संस्कृती यांच्या अभ्यासाकडे वळणारा मराठी विद्यार्थी बहुधा दोनपैकी एका दाराने आत येतो. एक दार म्हणजे 'मिशनऱ्यांची मराठी भाषेची सेवा' हा परीक्षेच्या पुस्तकांतून चालत आलेला विषय, आणि दुसरे म्हणजे धर्मांतराविषयी मनात आधीपासून असलेली चीड किंवा कौतुक. दोन्हीकडून येणाऱ्यांची अडचण शेवटी एकच होते: उत्तर आधी ठरते आणि कागद मागाहून शोधले जातात. पुढील मार्गदर्शन एम.ए. किंवा पीएच.डी.च्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी, तसेच आपल्या गावच्या चर्चचा किंवा मंडळीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. ख्रिस्ती अभ्यासाचे क्षेत्र अफाट असल्यामुळे ते मी मुद्दाम गोवा आणि महाराष्ट्र एवढ्यापुरतेच आखून घेतले आहे. प्रत्येक पायरीवर मात्र एकच प्रश्न विचारायचा आहे: समोरचा कागद कोणी, कोणासाठी लिहिला, आणि त्याच गोष्टीचा दुसरा साक्षीदार कुठे सापडेल?

पहिली पायरी: विषय आवळणे

'महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज' हा विषय नव्हे. 'ज्ञानोदय' या अमेरिकन मिशनच्या मराठी पत्राच्या १८७६ ते १८७८ या दुष्काळी वर्षांतल्या अंकांत मदतकार्याविषयी काय छापून आले, हा विषय आहे. वसईतल्या एका पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या) विवाहनोंदींत वर-वधूंची गावे कोणती, हाही विषय आहे. माझी कसोटी साधी आहे: विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि त्याची मुख्य साधने एका कपाटात मावली पाहिजेत. मार्गदर्शक मोठा विषय सुचवतील, कारण शीर्षक भारदस्त दिसते. त्यांना नम्रपणे कपाटाची आठवण करून द्यावी.

विषय लहान असला तरी काळाचा आराखडा मोठा हवा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर तेथे पोहोचले, १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, १५६० मध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय बसले आणि मधल्या एका छोट्या खंडाचा अपवाद वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवण्याच्या विचारात होते. हा शेवटचा तपशील विसरू नये. मिशन आणि सरकार यांना एकच समजण्याची घाई त्यामुळे आपोआप थांबते. कॅथलिकांची गोव्याकडची कथा आणि प्रॉटेस्टंटांची मुंबई-अहमदनगरकडची कथा यांची साधने, भाषा आणि राज्यकर्ते वेगळे आहेत. पहिल्या वर्षी दोन्ही हातांत घेऊ नयेत.

दुसऱ्या साक्षीदाराची गरज किती असते हे कुंकळ्ळीच्या उदाहरणावरून लक्षात येते. जुलै १५८३ मध्ये दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी गावी रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट (कॅथलिकांच्या येशू संघाचे) सहकारी मारले गेले. आक्वाविवा काही काळापूर्वीच अकबराच्या दरबारातून परतले होते. चर्चच्या परंपरेत हे पाच जण हुतात्मे आहेत आणि १८९३ मध्ये त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आले. गावाच्या आठवणीत मात्र त्यानंतरची घटना मोठी आहे: गावच्या सोळा प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून चौकशीविना ठार करण्यात आले, त्यांतला एक तेवढा निसटला. कुंकळ्ळीत त्या प्रमुखांचेही स्मारक आता उभे आहे. पहिली कथा युरोपातल्या वाचकांसाठी पत्रांतून लिहिली गेली, दुसरी गावात तोंडोतोंडी राहिली. यातली एकच घेऊन लिहिलेला प्रबंध अर्धा असतो, मग तो कितीही तळटिपांनी सजवलेला असो. जाता जाता: काही पुस्तकांत या घटनेची तारीख १५ जुलै आणि काहींत २५ जुलै दिसेल. ती छपाईची चूक नाही. त्या वर्षी गोव्यात जुने कॅलेंडर जाऊन नवे आले, आणि दोन्हींत दहा दिवसांचे अंतर आहे.

दुसरी पायरी: शब्द आणि नावे

ख्रिस्ती मराठी ही एक नाही, निदान दोन आहेत. प्रॉटेस्टंट मंडळीत 'पाळक' असतात, रविवारी 'उपासना' होते, 'प्रभुभोजन' घेतले जाते आणि ग्रंथ 'पवित्र शास्त्र' असतो. कॅथलिक घरांत 'फादर' किंवा 'धर्मगुरू' असतात, 'मिस्सा' होते, 'ख्रिस्तप्रसाद' घेतला जातो आणि येशूच्या चरित्रग्रंथाला 'शुभवर्तमान' म्हणतात. गोव्यात चर्चला 'इगर्ज' म्हणतात. मुलाखतीत कॅथलिक आजींना 'तुमच्या उपासनेला किती जण असतात' असे विचारले, तर त्या उत्तर देतील, पण आपण बाहेरचे आहोत हे त्यांच्या लक्षात आलेले असेल.

बायबलचेही तसेच. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३. एखाद्या जुन्या प्रवचनात तोबीत किंवा मक्काबी यांचा दाखला आला आणि तो आपल्या घरच्या प्रतीत सापडला नाही, तर प्रवचनकाराने तो मनाने रचला असे समजू नये. आणखी एक फसवी जागा: जुन्या करारातील पाचव्या पुस्तकाचे मराठी नाव 'अनुवाद' आहे. एखाद्या लेखात 'अनुवाद २६' असा उल्लेख आला, की नवखा विद्यार्थी तो कुठल्या तरी भाषांतराचा पृष्ठक्रमांक समजून ग्रंथालयात शोध घेत बसतो.

स्थळनामांचा घोटाळा याहून मोठा. 'साष्टी' दोन आहेत. एक दक्षिण गोव्यात, मडगाव आणि रायतूरच्या परिसरात. दुसरी मुंबईच्या उत्तरेस, वांद्र्यापासून वरचे बेट. दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांकडे होते, दोन्हीकडे जेझुइट होते, आणि जुन्या पत्रांत दोन्ही नावे जवळजवळ सारखीच लिहिलेली असतात. पत्रात आलेली शेजारची दोन गावे ओळखून मगच कोणती साष्टी ते ठरवावे. 'ईस्ट इंडियन' हे नावही सावधपणे वापरावे: उत्तर मुंबई आणि ठाण्याकडच्या कॅथलिकांनी ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी औपचारिकपणे स्वीकारले, त्यामुळे सतराव्या शतकातल्या कोणाला ते लावणे बरोबर नाही. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. जुन्या साधनांसाठी शोध घेताना जुनेच नाव, आणि तेही इंग्रजीच्या तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, घालावे लागते. हीच गत माणसांच्या नावांची होते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका शिक्षकाला दोन माणसे समजून दोन चरित्रटिपणे तयार केली होती, कारण इंग्रजी अहवालात तो 'पंत' लावून येई आणि मराठी पत्रकात आडनावाने. तेव्हापासून प्रत्येक व्यक्तीचे एक कार्ड करून त्यावर नावाची सापडतील तेवढी रूपे लिहून ठेवण्याची सवय लागली.

तिसरी पायरी: एक ग्रंथ जवळून वाचणे

संदर्भसूची वाढवण्याआधी एक मूळ ग्रंथ सावकाश वाचावा. सुरुवातीस 'ख्रिस्तपुराण' घ्यावे असे मी सुचवीन, कारण भाषा, धर्मविचार, छपाई आणि राज्यसत्ता असे या क्षेत्रातले बहुतेक प्रश्न त्यात एकत्र आले आहेत.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट. ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मरण पावले. सुमारे ११,००० ओव्यांचे त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. प्रकरणांना 'अवस्वरू' म्हटले आहे, पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रींना विनंती करतो, की जुनी पुराणे वाचायची बंद झाली, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे काहीतरी द्या. ग्रंथ कोणासाठी लिहिला या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे ग्रंथच देतो, आणि त्या विनंतीमागे बंदी आहे हेही लपवत नाही. नवख्या वाचकाने या प्रसंगापाशी थांबावे. ज्यांना या ग्रंथात फक्त मराठीची थोरवी दिसते ते येथून लवकर पुढे जातात. ज्यांना फक्त जुलूम दिसतो ते पुढच्या हजारो ओव्या वाचतच नाहीत.

आता प्रतींचा प्रश्न. सतराव्या शतकातल्या छापील प्रती आज अभ्यासकांच्या हाती नाहीत. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला हस्तलिखितांवरून रोमन लिपीत आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आणि कारिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती त्या रोमन पाठावर उभी आहे. याशिवाय लंडनच्या सोआस या संस्थेत विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातले देवनागरी हस्तलिखित आहे. मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवाद करणारे जस्टिन अॅबट यांनी १९२० च्या दशकात ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्याचा पाठ रोमन पाठापेक्षा अधिक संस्कृतप्रचुर आहे. मग मूळ कोणते, असा वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. पहिल्या वर्षी तो वाद सोडवायला जाऊ नये. आपण कोणती आवृत्ती वापरतो आहोत एवढे मात्र पहिल्याच पानावर सांगावे.

लिपीकडे थोडे जवळून पाहू. रोमन पाठ पोर्तुगीज वळणाने लिहिलेला आहे. 'ट' साठी दोन 'टी', 'ळ' साठी दोन 'एल', 'श' साठी 'एक्स', 'व' साठी पुष्कळदा 'यू', आणि 'कि'-'के' साठी 'क्यू' व 'यू'. दोन स्वरांमध्ये एकच 'एस' असला तर पोर्तुगीज वाचक तो 'झ'सारखा उच्चारतो, म्हणून 'स' दाखवायला 'एस' दुहेरी येतो. मराठीच्या स्तुतीच्या प्रसिद्ध ओव्यांत आपण सवयीने 'भाषा' वाचतो, पण रोमन पाठात तेथे दुहेरी 'एस' आहे, 'एक्स' नाही. म्हणजे शब्द 'भासा' असा उच्चारला जात होता. 'पुष्प'ही तेथे 'पुस्प' आहे. संपादकाने जर 'भाषा' छापले, तर त्याने शुद्धलेखन सुधारले आणि सतराव्या शतकातला उच्चार पुसला. एवढ्या एका अक्षरावर चांगला शोधनिबंध उभा राहू शकतो.

मग पहिली ओळ घ्यावी: 'वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था'. 'ओम नमो जी आद्या' हा ज्ञानेश्वरीचा आरंभ ज्याच्या कानात आहे त्याला हा सूर लगेच ओळखू येतो. नमनाची रीत मराठी ग्रंथांची, संबोधन 'देवा बापा' हे ख्रिस्ती प्रार्थनेचे. स्वर्गाला कवी 'वैकुंठ' म्हणतो, पण पवित्र आत्म्यासाठी पोर्तुगीज वळणाचा शब्द ठेवतो. आपल्या वहीत दोन रकाने करावेत: कोणत्या संकल्पनेला घरचा शब्द चालला आणि कोणत्या संकल्पनेला तो चालवून घेतला नाही. पन्नास ओव्यांतून हे रकाने भरले, तरी स्टीफन्सचा धर्मविचार एखाद्या जाड ग्रंथातल्या प्रकरणापेक्षा अधिक कळतो. त्याच वेळी एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचे १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापलेले पेत्र-पुराण चाळावे. तेथे हिंदू देवतांवर उघड टीका आहे, स्टीफन्सचा संयम नाही. एकाच संघाचे, एकाच प्रदेशातले दोन लेखक इतके वेगळे लिहितात हे पाहिल्यावर 'मिशनऱ्यांचा दृष्टिकोन' असे एकवचनी शब्द लेखणीतून सहज येईनासे होतात.

चौथी पायरी: अहवाल, नियतकालिके आणि वाद

एकोणिसाव्या शतकात साधनांची टंचाई नसते, उलट ती फार असतात. १८४२ च्या जूनमध्ये अहमदनगरला निघालेला 'ज्ञानोदय', अमेरिकन मराठी मिशनचे वार्षिक अहवाल, बोस्टनहून निघणारे 'मिशनरी हेरल्ड', स्कॉटिश मिशनऱ्यांची पत्रे, आणि १९०३ पासूनचा कॅथलिकांचा 'निरोप्या'. मिशनच्या मुख्यालयाकडे गेलेली पत्रे आज परदेशात आहेत: अमेरिकन बोर्डाची हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयात, स्कॉटिश मिशनची एडिनबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. छापील अहवालांपैकी पुष्कळसे इंटरनेटवरच्या सार्वजनिक संग्रहांत मोफत मिळतात, त्यामुळे परदेशप्रवासाआधी दोन वर्षांचे काम घरी बसून होऊ शकते.

हे अहवाल कोणासाठी लिहिले होते? अमेरिकेतल्या, विशेषतः न्यू इंग्लंडमधल्या, देणगीदार मंडळ्यांसाठी. म्हणून त्यांत अंधार फार गडद असतो आणि पहाट नेहमी जवळ आलेली असते. यामुळे ते खोटे ठरत नाहीत, पण त्यांतली विशेषणे बाजूला ठेवून नामे आणि आकडे उचलावे लागतात. माझी रीत अशी: अहवालाच्या एका परिच्छेदातून विशेषणे खोडायची, उरलेल्या मजकुरात कोण कुठे गेले, किती दिवस राहिले, कोणी भाषांतर केले, कोणी जेवण दिले, हे पाहायचे. 'आमचा स्थानिक साहाय्यक' असा निनावी उल्लेख आला, की तेथे खूण करायची, कारण तोच माणूस गावोगाव बोलत होता आणि साहेब बहुतेक वेळा ऐकत होता. बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांच्या मराठी कामामागे नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा होते हे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. बहुतेकांचे तेवढेही भाग्य नाही. बायकांच्या बाबतीत हे मौन आणखी दाट. सिंथिया फेरार या शिक्षिकेने अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी तिचे नाव जोडले जाते, पण तिच्या हाताखाली शिकवणाऱ्या मराठी बायकांची नावे शोधताना पानेच्या पाने उलटावी लागतात.

वादग्रंथ जोडीने वाचावेत, एकटे कधीही नाहीत. मुंबईत १८३० च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, त्यानंतर दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मिशनऱ्यांशी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेले वाद १८५७ चे. दोन्ही पक्ष एकमेकांच्या शास्त्रांतले नेमके कोणते वचन उचलतात आणि कोणते टाळतात, याची यादी करणे हे नवख्यासाठी उत्तम काम आहे, कारण त्यासाठी कोणाच्या बाजूने उभे राहावे लागत नाही.

घरातला साक्षीदार हवा असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. मिशनच्या कागदांत ही आनंदाची बातमी आहे. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० मध्ये, आणि मधल्या पाच वर्षांत स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यांपाशी, माहेरच्या माणसांत काय घडले हे फक्त त्यांच्याच लेखणीतून कळते. या दोन कागदांना समोरासमोर ठेवणे ही या अभ्यासातली सर्वांत सोपी आणि सर्वांत फलदायी कसरत आहे.

पाचवी पायरी: चर्चच्या नोंदवह्या आणि माणसे

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ही चर्चची जिवंत मालमत्ता आहे, ग्रंथालय नव्हे. विद्यापीठाचे पत्र, आपला विषय एका पानात, आणि नेमकी कोणती वर्षे पाहायची आहेत हे घेऊन आधी कार्यालयात जावे, रविवारी मात्र जाऊ नये. जुन्या वह्यांवर पेन न्यायचे नाही, पेन्सिल न्यायची. फोटो काढण्याची परवानगी वेगळी मागावी. एकदा 'पाहा' म्हटले म्हणजे 'काढा' असे नव्हे. कॅथलिक नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज साच्यात असतात, पण साचा ठरलेला असल्यामुळे वीस-पंचवीस शब्द शिकले की काम चालते: बाप्तिस्म्याचा दिवस, बाळाचे नाव, आई-वडील, गाव, धर्मपिता आणि धर्ममाता, आणि शेवटी धर्मगुरूची सही. धर्मपिता आणि धर्ममाता या रकान्याकडे विद्यार्थी पाहत नाहीत, आणि समाजाची वीण तेथेच दिसते: कोणाचे कोणाशी जाणे-येणे होते, कोणते घर सगळ्या वाडीचे धर्मपालक होते, आणि कोणत्या घराला तो मान कधीच मिळाला नाही.

जातीचा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो आणि तो जपून हाताळावा लागतो. अहमदनगर, जालना, औरंगाबाद या भागांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. परिणामी एखाद्या घराची चर्चमधली नोंद आणि शाळेच्या दाखल्यावरची नोंद वेगळी असू शकते. अशी विसंगती सापडली, तर आपल्याला मोठा शोध लागला असे वाटते. त्या घराला मात्र ती नोकरीची आणि मुलांच्या भवितव्याची गोष्ट असते. नावे, गाव, वर्ष यांपैकी निदान दोन गोष्टी बदलल्याशिवाय असा तपशील प्रबंधात जाऊ देऊ नये, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो जाऊच नये.

सहावी पायरी: धर्मविचार हा इतिहासापेक्षा वेगळा असतो

इतिहास काय घडले हे विचारतो. धर्मविचाराचा अभ्यास असे विचारतो, की विश्वासणाऱ्यांनी देवाविषयी काय म्हटले, ते शब्द कुठून आले, आणि त्यांत सुसंगती आहे का. त्यासाठी अभ्यासकाने ख्रिस्ती असणे आवश्यक नाही, पण बायबल वाचलेले असणे आवश्यक आहे. निदान उत्पत्ती, स्तोत्रे, यशया, चार शुभवर्तमाने आणि रोमकरांस पत्र एवढे पहिल्या सहा महिन्यांत संपवावे. शक्यतो एकच उतारा दोन मराठी भाषांतरांत वाचावा: प्रॉटेस्टंट परंपरेतले 'पवित्र शास्त्र' आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल'. तिसरे हवे असल्यास पंडिता रमाबाईंचे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा त्यांनी आग्रह धरला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले.

रमाबाई हे धर्मविचाराच्या अभ्यासाचे उत्तम आरंभस्थान आहे, आणि तेही त्यांच्या पत्रांमुळे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तावर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधील, गुरुजनांशी जो पत्रव्यवहार केला, तो वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांनी जपला आणि १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. गळ्यात घालायच्या क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्येच का असावेत, संस्कृतात का नसावेत, असा त्यांचा एक प्रश्न आहे. प्रश्न दागिन्याचा वाटतो, पण त्यात चर्चचा अधिकार, भाषेचे पावित्र्य आणि धर्मांतर केलेल्या बाईचे स्वत्व असे तिन्ही मुद्दे आहेत. येथेही दुसरा साक्षीदार तयार आहे, कारण समोरच्यांची उत्तरे त्याच पुस्तकात आहेत.

पुढचा टप्पा टिळकांच्या अभंगांचा आणि 'उपासना संगीता'तल्या पदांचा. गाण्याला धर्मग्रंथाइतकेच गांभीर्याने वाचावे, कारण मंडळीतला सामान्य माणूस सिद्धान्त पुस्तकातून शिकत नाही, तो चालीतून शिकतो. त्यानंतर मराठी भाषक असलेल्या अरविंद निर्मळ यांच्याकडे यावे. १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी जो विचार मांडला, त्यातून पुढे दलित ईश्वरविज्ञान ही शाखा वाढली. वर उल्लेख केलेल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातील, भटक्या पूर्वजाची आठवण सांगणारी कबुली त्यांनी दलित पूर्वजांच्या अनुभवाशी जोडली आहे. टिळकांचा 'पौरस्त्य ख्रिस्त' आणि निर्मळांचा दलित ख्रिस्त यांत किती अंतर आहे हे लक्षात आले, म्हणजे 'भारतीय ख्रिस्ती धर्मविचार' या शब्दांआड कोणाचा भारत आहे हेही विचारता येते.

सातवी पायरी: संस्था

पणजीच्या गोवा पुराभिलेख खात्यात लिस्बनशी दर मोसमाला झालेला पत्रव्यवहार आहे, आणि इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्या दप्तराची लावलेली व्यवस्था आजही उपयोगी पडते. पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे आणि तेथेच थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास इन्स्टिट्यूट, एशियाटिक सोसायटी आणि राज्य पुराभिलेखागार. पुण्यात ज्ञानदीप आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी यांची ग्रंथालये. इन्क्विझिशनचे गोव्यातले खटल्यांचे दप्तर बहुतांशी नष्ट झाले आहे, हे आधीच ठाऊक असलेले बरे, नाहीतर पणजीत आठवडा वाया जातो. गोव्याचा विषय असेल तर पोर्तुगीज, नगरचा असेल तर इंग्रजी आणि थोडी मोडी, एवढा भाषेचा खर्च गृहीत धरावा. शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, शक्यतो १८५७ चा, हाताशी असावा. आजच्या कोशातला अर्थ जुन्या पत्राला लावू नये.

लिहिताना

'ख्रिस्तपुराणा'चा दाखला पृष्ठक्रमांकाने देऊ नये, आवृत्त्या बदलतात. पुराण, अवस्वरू आणि ओवी असा द्यावा. 'ज्ञानोदय'चा द्यावा तो वर्ष, तारीख आणि भाषा यांसह, कारण काही काळ तो मराठी-इंग्रजी असा दुभाषी होता आणि दोन्ही मजकूर तंतोतंत एक नसतात. पोर्तुगीज नावांची देवनागरी रूपे सुरुवातीला ठरवून एका पानावर लिहावीत आणि मग मोह झाला तरी बदलू नयेत. 'धर्मांतर', 'बाटणे', 'ख्रिस्ती झाले', 'प्रभूकडे आले' हे चार शब्दप्रयोग एकाच घटनेसाठी साधनांत येतात. अवतरणात जो आहे तो तसाच ठेवावा, आपल्या वाक्यात त्यांपैकी कोणता वापरणार हे प्रस्तावनेत सांगावे.

लेख पूर्ण झाला की त्याची एक छापील प्रत ज्या कार्यालयात वह्या पाहिल्या तेथे नेऊन द्यावी, आणि ज्यांनी बोलायला वेळ दिला त्यांना त्यांच्याविषयीची पाने छापण्याआधी वाचून दाखवावीत. 'असं नव्हतं हो ते' असे कोणी म्हणाले, तर वाद न घालता ते वाक्य तारखेसह वहीत उतरून घ्यावे, आणि त्याचा दुसरा साक्षीदार शोधायला लागावे.